हप्ते वाढवून घ्यायचे की सेटलमेंट करायची?

घरात मोठं आजारपण निघालं, दुकानात पाणी शिरलं, अवकाळीनं द्राक्षबाग झोडपली किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतली नोकरी गेली, की दोन-तीन महिन्यांत बँकेचे फोन सुरू होतात. अशा वेळी ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, "बँक सवलत देते, जाऊन भेट की." माणूस जातो, समोर येईल त्या कागदावर सही करतो आणि आपण नेमकं काय घेतलं हे त्याला वर्ष-दोन वर्षांनी कळतं. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जातो तेव्हा, किंवा जामीनदार मेहुणा दारात येऊन उभा राहतो तेव्हा.

सवलत म्हणून समोर येणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. पुनर्गठन, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायचं, पण मुदत वाढवून, हप्ता कमी करून किंवा काही महिने हप्ता थांबवून. आणि सेटलमेंट, म्हणजे एकरकमी तडजोड: ठरलेली कमी रक्कम भरायची, उरलेलं बँक सोडून देते. एकात पैसे सगळे जातात, पण पत बरीचशी शाबूत राहते. दुसऱ्यात पैसे वाचतात आणि पत जाते. फोनवर बोलणारा माणूस मात्र दोन्हींना "साहेब, तुमचं अडजस्ट करून देतो" एवढंच म्हणतो.

यातलं आपल्याला काय लागू, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारायला सांगतो. उत्पन्न थांबलंय की संपलंय? ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठेतली दुकानं पाण्यात गेली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. त्या दुकानदारांचा माल गेला, फर्निचर गेलं, पण गिऱ्हाईक गेलं नव्हतं. गाळ काढला, व्यापाऱ्यानं उधारीवर माल दिला की गल्ला हळूहळू सुरू होतो. याला उत्पन्न थांबणं म्हणायचं, आणि अशा माणसानं पुनर्गठनच मागावं. उलट घरातला एकटा कमावता गेला, किंवा पक्षाघातानं माणूस कायमचा अंथरुणाला खिळला, तर मुदत सात वर्षं करून तरी हप्ता भरणार कोण? तिथं सेटलमेंटचाच विचार करायला हवा, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

आता आकडे मांडतो, कारण ताणात असताना माणूस आकडे मांडत नाही, नुसता घाबरतो. समजा 4 लाख रुपये कर्ज बाकी आहे, व्याज 12 टक्के, चार वर्षं राहिलीत. हप्ता साधारण 10,530 रुपये बसतो. मुदत सात वर्षांची करून घेतली तर हप्ता येतो 7,060 च्या आसपास. दरमहा जवळपास साडेतीन हजार सुटले. दूध, किराणा, सासूबाईंची औषधं यात निघतात. पण एकूण व्याज 1 लाख 5 हजारांवरून 1 लाख 93 हजारांवर जातं. म्हणजे या उसंतीची किंमत सुमारे 87 हजार रुपये. ती महाग आहे, आणि तरीही पुष्कळदा मोजण्यासारखी आहे. दोन वर्षांनी हात मोकळा झाला की जादा रक्कम भरून मुदत पुन्हा खाली आणता येते, म्हणजे हे 87 हजार सगळे भरावेच लागतात असंही नाही. फक्त अर्ज करतानाच विचारून घ्यावं की मुदतीआधी भरल्यास शुल्क लागतं का.

हप्ते काही महिने थांबवणं हाही पुनर्गठनाचाच भाऊ, आणि त्याच्याबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त. कोरोनात रिझर्व्ह बँकेनं 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या काळात हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, तेव्हा कितीतरी घरांत "हप्ते माफ झाले" असा समज झाला होता. माफ काहीच झालं नव्हतं. व्याज चालूच होतं. पुढे मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या काळातलं व्याजावरचं व्याज घेऊ नका असं सांगितलं, पण मूळ व्याज द्यावंच लागलं. वरच्याच उदाहरणात सहा महिने एकही हप्ता भरला नाही आणि व्याज मुद्दलात मिळत गेलं, तर 4 लाखांचे 4 लाख 24 हजार होतात. हे माहीत असून थांबवलं तर ठीक.

सेटलमेंटचा फोन कसा येतो, ते नीट बघा. "तुमच्याकडं 4 लाख 60 हजार निघतायत. अडीच लाखात फाईल बंद करून देतो. पण 31 मार्चच्या आत." ऐकणाऱ्याला दोन लाख वाचल्यासारखे वाटतात. पण मुळात हप्त्याला पैसे नाहीत म्हणून ज्याचं कर्ज थकलं, तो एका महिन्यात अडीच लाख कुठून आणणार? बहुतेक वेळा ते खासगी सावकाराकडून येतात, शेकडा पाच रुपये महिन्यानं. अडीच लाखाचे महिन्याचे व्याजाचेच 12,500 झाले. बँकेचा सगळा हप्ता 10,530 होता, त्यात मुद्दलही फिटत होतं. इथं नुसत्या व्याजाला त्याहून जास्त जातात आणि मुद्दल जागच्या जागी. या एका कारणानं मी म्हणतो की सेटलमेंटचे पैसे कर्ज काढून भरायचे असतील, तर ती सेटलमेंट करूच नये. सोनं मोडून, जागेचा तुकडा विकून, विम्याच्या पैशातून किंवा भावानं बिनव्याजी दिले तर गोष्ट वेगळी. आणि सावकाराकडं परवाना नसेल, तर महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्यानं तो गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

पत खालावण्याचं नुकसान दोन्हीकडं सारखं नसतं. पुनर्गठन झालं की सिबिलच्या अहवालात 'रिस्ट्रक्चर्ड' अशी नोंद येऊ शकते, गुणही थोडे उतरतात. पण पुढचे हप्ते वेळेवर गेले की गाडी रुळावर येते. सेटलमेंटनंतर खात्यापुढं 'क्लोज्ड' लिहिलं जात नाही, 'सेटल्ड' लिहिलं जातं. पुढचा कर्ज देणारा ते वाचतो तेव्हा त्याला एवढंच दिसतं, की या माणसानं आधीच्या बँकेचे पूर्ण पैसे दिले नाहीत. क्रेडिट माहिती कंपन्यांनी अशी माहिती किमान सात वर्षं जपायची असते. शिवाय 8 जून 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार, शेतीकर्ज सोडून इतर कर्जात तडजोड झाली, तर त्या बँकेला त्या कर्जदाराला किमान 12 महिने नवं कर्ज देता येत नाही.

जामीनदाराचं कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलतो. आपल्या भागात दोन जामीनदारांशिवाय कर्ज मिळणं अवघड, आणि ते असतात मेहुणा, शेजारी नाहीतर सोबत काम करणारा. पुनर्गठनात बँक त्यांची पुन्हा सही मागते, कारण जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या तर 1872 च्या करार कायद्यानुसार तो पुढच्या जबाबदारीतून सुटू शकतो. म्हणजे गुपचूप काही होत नाही. बँकेचा माणूस त्यांच्या घरी जायच्या आधी आपण जाऊन सांगितलेलं बरं. ते बोलणं जड जातं खरं, पण नातं त्यानंच टिकतं. सेटलमेंटमध्ये उलटी काळजी घ्यायची: पत्रात जामीनदारही मोकळे झाल्याचं स्पष्ट लिहून घ्यायचं. नाहीतर कर्जदार सुटला आणि उरलेल्या रकमेची नोटीस जामीनदाराला गेली, असं होऊ शकतं.

वेळेचा फरकही मोठा आहे. सलग 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या हिशेबी अनुत्पादक, थकीत ठरतं. पुनर्गठन मागायची खरी वेळ त्याच्या आधीची, जमल्यास पहिला हप्ता चुकायच्याही आधीची. बँका सेटलमेंटला राजी होतात त्या मात्र सहसा खातं एनपीए झाल्यावर. म्हणून फोन न उचलता सहा महिने काढणारा माणूस नकळत पहिली वाट बंद करून दुसरीवर येऊन पडतो. भीतीनं फोन बंद ठेवणं मी समजू शकतो. पण वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केलेली आहे, शिवीगाळ आणि धमकीलाही. त्यामुळं फोन बंद करण्यापेक्षा शाखेत जाऊन कागद द्यावा.

तो कागद असा. शाखाधिकाऱ्याच्या नावानं साधा अर्ज, दोन प्रती. काय झालं ते चार ओळींत: पूर असेल तर पंचनाम्याची प्रत, आजारपण असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि बिलं, नोकरी गेली असेल तर कंपनीचं पत्र. त्याखाली आपण होऊन आकडा लिहायचा: "सध्या दरमहा 7,000 रुपये भरू शकतो, मुदत वाढवून मिळावी." आकडा नसलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. एक प्रत द्यायची, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. ती पोच फार कामाची असते. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेल्या उत्तरानं समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाताना हीच पोच दाखवायची. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर मात्र लोकपाल कामाचा नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात. तिथं निर्णय व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेत होतो, म्हणून अर्ज सभेच्या आधी पोचायला हवा. थकबाकी वाढली की संस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला घेते आणि मग वसुली अधिकारी जप्तीला येऊ शकतो. 101 ची नोटीस आली की सुनावणीला हजर राहावंच. हप्ते पाडून मागायची ती चांगली जागा आहे.

विकास सोसायटीचं नवं-जुनं हा आणखी तिसराच प्रकार. मार्चअखेर हातउसने घेऊन पीककर्ज भरायचं आणि चार दिवसांनी पुन्हा उचलायचं, याला पुनर्गठन म्हणत नाहीत. पूर, गारपीट, दुष्काळ अशा जाहीर आपत्तीत बँका पीककर्जाचं मध्यम मुदतीत रूपांतर करतात ते खरं पुनर्गठन. त्याची चौकशी सोसायटीच्या सचिवाकडं आणि जिल्हा बँकेच्या शाखेत, दोन्हीकडं करावी.

सेटलमेंटच करायची ठरली, तर पैसे भरायच्या आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्यायचं. फोनवरच्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चालत नाही. पत्रात कर्जखात्याचा क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची शेवटची तारीख आणि ही पूर्ण व अंतिम परतफेड असल्याचं वाक्य हवं. रक्कम थेट कर्जखात्यात भरायची, वसुलीवाल्याच्या हातात नाही. भरल्यावर बेबाकी दाखला (काही देणं उरलं नसल्याचा) आणि तारणाला दिलेले कोरे चेक परत मागायचे. घराची किंवा जमिनीची कागदपत्रं गहाण असतील, तर ती 30 दिवसांत परत द्यायची आणि बोजा उतरवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र आपोआप जातोच असं धरून चालू नये. दाखला तलाठी कार्यालयात देऊन फेरफार पडल्याची खात्री करायची.

वाट कुठलीही घेतली तरी दोनेक महिन्यांनी आपला क्रेडिट अहवाल काढून बघायचा. सिबिलसारख्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. नोंद चुकीची दिसली तर तिथंच ऑनलाइन तक्रार टाकायची. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये मागायचा हक्क आपल्याला आहे.