−९४ की −७०? एक आकडा पोटॅशियमचा, दुसरा पेशीचा

बारावीच्या ट्यूशनला नर्व्हचा चॅप्टर काढला की हा घोळ ठरलेला. यंदा फोंड्याच्या बॅचमधल्या एका पोरीने विचारलं, "टीचर, पोटॅशियम बॅलन्स झालंय म्हणता, मग तो पंप कशाला चालू ठेवायचा, लाइट बिल भरायला?" सगळे हसले, पण प्रश्न एकदम बरोबर होता (पंप म्हणजे पेशीच्या पडद्यातलं प्रोटीन, जे सोडियम बाहेर फेकतं आणि पोटॅशियम आत आणतं). इक्विलिब्रियम पोटेन्शियल आणि रेस्टिंग पोटेन्शियल (पेशी शांत असताना तिच्या आत-बाहेरचा व्होल्टेजचा फरक), दोन्ही मिलिव्होल्टमध्ये, पोटॅशियमच्या बाबतीत दोन्ही मायनस, मग मुलं दोन्ही एकच धरून पाठ करतात आणि पुढे अडकतात.

इक्विलिब्रियम पोटेन्शियल हे एकेका आयनचं, म्हणजे चार्ज असलेल्या कणाचं असतं, पेशीचं नाही. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण लिटरमागे १४० मिलिमोल, बाहेर जेमतेम ४, म्हणून ते बाहेर पळायला बघतं, पण प्लस चार्ज घेऊन बाहेर गेलं की आत मायनस उरतो आणि तो मायनस त्यालाच मागे ओढतो, असं होत होत एका व्होल्टेजला ढकलणं आणि ओढणं सारखं होतं. ते व्होल्टेज म्हणजे सुमारे −९४ मिलिव्होल्ट. यासाठी पोटॅशियम रिकामं वगैरे होत नाही हां, साध्या पेशीत लाखात एक-दोन आयन गेले तरी भागतं. सोडियमचं उलट, बाहेर १४५ आणि आत १२ च्या आसपास, म्हणून त्याचा आकडा येतो साधारण +६६. आयन आपल्या आकड्यावर असला की जितका बाहेर जातो तितकाच आत येतो, फुकटात, एनर्जी लागत नाही.

आणि न्यूरॉनचं, म्हणजे नर्व्हच्या पेशीचं, रेस्टिंग पोटेन्शियल? −७० च्या आसपास. म्हणजे ना पोटॅशियमचा आकडा, ना सोडियमचा! पेशीचा पडदा पोटॅशियमला बराच मोकळा आणि सोडियमला अगदी थोडा, म्हणून तडजोड पोटॅशियमच्या बाजूला झुकते. पण झुकली तरी पोटॅशियम आपल्या आकड्यापासून २४ मिलिव्होल्ट लांब राहिलं, म्हणून ते सतत बाहेर झिरपतं, आणि सोडियम तर १३६ लांब, म्हणून वाट बारीक असूनही ते सतत आत घुसतं. कोणीच समतोलात नाही, फक्त व्होल्टेज जागचं हलत नाही.

आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात बघा. मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडी आहे, खाडीचं आणि शेतातलं पाणी एका लेव्हलला आलं, पाणी थांबलं, हे इक्विलिब्रियम. आता दुसरं शेत घ्या, कुर्ल्यांनी बांधाला बिळं पाडलीत, खारं पाणी आत येतंय, आणि कोणीतरी पंप लावून तेवढंच बाहेर फेकतंय. लांबून दोन्हीकडचं पाणी तस्संच दिसणार, फरक डिझेल संपल्यावर कळतो. पेशीतला पंप एका खेपेला ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो, डिझेल म्हणजे एटीपी, पेशीचं इंधन. (उपमा इथेच सोडा, खाजनात उलट्या दिशेने पळणारं पोटॅशियम नाही.)

आता इथे दुसरी चूक होते, मुलं लिहितात की −७० पंपच बनवतो. नाही रे! ३ जाऊन २ आले म्हणून थेट पडणारा फरक काही मिलिव्होल्टचाच. पंपाला औषधाने बंद पाडलं तर व्होल्टेज तिथल्या तिथे थोडंसं घसरतं, आणि मग आत-बाहेरचा फरक हळूहळू बुजत जातो तसतसं बाकीचं जातं. पंप साठा राखतो, व्होल्टेज झिरपण्यातून येतं.

आणि पोरांना तरी काय बोलणार, १९०२ मध्ये बर्नस्टाइन या जर्मन शास्त्रज्ञानेही पडद्यातून फक्त पोटॅशियमच जातं असं धरलं होतं, म्हणजे त्याच्या हिशोबात दोन्ही आकडे एकच. सगळ्यांची ओढ एकत्र मोजायचं गणित गोल्डमनने १९४३ ला मांडलं, आणि १९४९ मध्ये हॉजकिन आणि कॅट्झने ते स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माणकीच्या भाऊबंदाच्या, जाड नर्व्हला लावून दाखवलं. तसा बर्नस्टाइन ग्लिया पेशींबाबत (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) जवळपास बरोबरच ठरतो, त्यांचा पडदा जवळजवळ नुसता पोटॅशियमलाच मोकळा, म्हणून त्यांचं रेस्टिंग −९० च्या आसपास असतं.

त्या पोरीचा पुढचा प्रश्न होता, तिच्या आजोबांना किडनीच्या डॉक्टरने शहाळं का बंद केलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, बिघडलेली किडनी ते नीट बाहेर टाकत नाही, रक्तातलं ४ चं ८ झालं तर पोटॅशियमचा आकडा −९४ वरून −७६ च्या आसपास येतो आणि हृदयाच्या पेशींचं रेस्टिंगही त्याच्यामागून वर सरकतं, मग ठोके बिघडतात. पंप तिथे चालूच असतो, बिघडलेलं असतं ते बाहेरचं ४.