नर तपकिरी, मादी पांढरी: फळमाशीच्या जीनोममधला एक शोध

मे महिना सरत आला की तुर्भ्याच्या फळबाजारातून आणलेल्या हापूसच्या पेटीत एखादं फळ दगा देतंच. बाहेरून केशरी, देठाशी घमघमाट. सुरी फिरवली की आतला गर पाणचट आणि त्यात पांढुरक्या अळ्या. ताटात पडलेली अळी कधीकधी अंगाची कमान करते आणि टुणकन उडते. तिला मातीत शिरून कोष करायची घाई असते. साल नीट पाहिली तर टाचणी टोचल्यासारखी एक खूण सापडते. मादीने अंडी घातली ती तिथे.

ही फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. मूळची आशियातली, आंबा, पेरू, चिकू काहीही चालतं तिला. २००३ साली ती केनियात दिसली आणि पाहता पाहता सहाराच्या दक्षिणेला पसरली. तिथे तिला नवी जात समजून २००५मध्ये वेगळं नावही मिळालं. पुढे डीएनए, शरीररचना, दोन्हींकडच्या माश्यांचं मीलन असं सगळं पडताळून २०१५मध्ये ते नाव मोडीत काढलं गेलं. आफ्रिकेतली घुसखोर आणि आपल्या वाडीतली माशी एकच निघाली. परदेशी बाजार तिला टरकून असतात ते उगाच नाही. फळमाशी सापडते म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४पासून आपला आंबा अडवला होता. बंदी उठवायचं ठरलं ते जानेवारी २०१५मध्ये. वाशीच्या पणन मंडळाच्या केंद्रातली वाफेची आणि किरणांची प्रक्रिया अशा किडींसाठीच आहे. जपानला जायचं तर गर ४७.५ अंशांवर २० मिनिटं ठेवायचा, अमेरिकेला जायचं तर ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) इतके किरण.

पण हे सगळं तोडलेल्या फळावर. बागेतल्या माशीवरचा उपाय सापडला तो योगायोगाने. १९१२च्या सुमारास बिहारमध्ये पुसा इथे हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास पळवायला वापरलेल्या सिट्रोनेला तेलावर फळमाश्या झेपावताहेत आणि त्या झाडून सगळे नर आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. नरांना वेड लावणारं द्रव्य म्हणजे मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘रक्षक’ सापळ्यात टांगलेला प्लायवूडचा ठोकळा याच द्रव्यात भिजवलेला असतो. जपानने ओकिनावा बेटांवरून ही माशी १९८६पर्यंत संपवली तीही याच वासाच्या बळावर. मात्र बेटाला चहूबाजूंनी समुद्र असतो. कोकणात कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा पेरू असतो, आणि सापळ्यातून सुटलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो.

म्हणून दुसरा मार्ग: कारखान्यात लाखो माश्या वाढवायच्या, किरणांनी वंध्य करायच्या आणि सोडायच्या. रानातली मादी अशा नराशी जुळली की तिची अंडी उबतच नाहीत. कारली-दोडक्यावरची फळमाशी ओकिनावातून १९९३मध्ये अशीच नाहीशी झाली. अडचण एकच. सोबत वंध्य माद्याही सुटल्या तर त्या नरांना स्वतःतच गुंतवून ठेवतात, शिवाय फळांना टोचतात त्या टोचतातच. तेव्हा नर-मादी आधीच वेगळे करायला हवेत, आणि लाखो माश्या कोण निवडत बसणार?

यावर पैदासकारांनी फार सुंदर युक्ती काढली होती. फळमाशीचा कोष तपकिरी असतो, पण काहींत जनुकीय बिघाडामुळे तो पांढरा होतो. असा वाण घेऊन त्यातल्या नरांच्या वाय गुणसूत्राला, जे फक्त नरांतच असतं, मूळचं चांगलं जनुक असलेला तुकडा जोडला. मग नरांचे कोष तपकिरी, माद्यांचे पांढरे. यंत्र रंग पाहून वेगळे करतं. गंमत म्हणजे बिघाड नेमका कोणत्या जनुकात, हेच कित्येक दशकं कुणाला ठाऊक नव्हतं. काम तर चालू होतं, पण नव्या जातीत तोच वाण हवा असेल तर पांढरा कोष आपोआप उगवेपर्यंत वाट पाहायची.

२०२१मध्ये जीनोम, म्हणजे माश्यांचा सगळा डीएनए, वाचून उत्तर मिळालं. आपली फळमाशी, भूमध्य सागराकडची आणि कारली-दोडक्यावरची, तिघींत एकच जनुक बिघडलेलं होतं, पण प्रत्येकीत निराळ्या तऱ्हेने. आपल्या माशीत डीएनएची ३७ अक्षरं गळाली होती, कारली-दोडक्यावरचीत १३, तर भूमध्यवालीत भलामोठा तुकडा मध्येच घुसला होता. पेशीच्या पडद्यातून पदार्थांची ने-आण करणारं एक प्रथिन या जनुकातून बनतं. एकच जनुक तीनदा, स्वतंत्रपणे मोडलेलं सापडणं यापेक्षा भक्कम पुरावा मागायचा कशाला? तरी संशोधकांनी खात्री केलीच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड फळमाशीत हे जनुक क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने मुद्दाम मोडलं आणि तिचे कोष पांढरे झाले.

मला स्वतःला याहून वेधक वाटतो तो २०१९चा शोध. भूमध्य फळमाशीच्या वाय गुणसूत्रावर ‘मॉय’ नावाचं जनुक सापडलं. ते बंद केलं की नर व्हायचा तो गर्भ मादी होतो. मादी व्हायच्या गर्भात ते चालू केलं की नर तयार होतो. आपल्या फळमाशीतही ते आहे. ही कळ कारखान्यात हवी तशी दाबता आली तर माद्या निवडून काढायचं कामच उरणार नाही. अजून तो प्रयोगशाळेतलाच खेळ आहे. आपल्या माशीच्या कारखान्यांत भरवसा आहे तो रंगावर आणि रंग ओळखणाऱ्या यंत्रावर.