हापसा एक, खोली निराळी

गावातल्या शाळेशेजारचा हापसा आठवून पाहा. लोखंडी स्टँड, त्यावर पाण्याची टाकी, टाकीवर चौकोनी हेड आणि त्यातून बाहेर आलेला लांब दांडा. आपल्याला दिसतं ते एवढंच. उरलेलं यंत्र जमिनीखाली असतं आणि ते जागोजागी वेगळं असतं. गावठाणात सिलिंडर, म्हणजे पाणी उचलणारा पिस्टन ज्यात चालतो तो नळा, 24 मीटरवर सोडलेला असतो, तर माळावरच्या वस्तीत तो 42 मीटरवर गेलेला असतो. वरून बघाल तर दोन्ही हापसे जुळे भाऊ.

मी कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर, यंत्रांची डिझाइनं करतो. नव्या मुलांना 'कॉन्फिगरेशन' म्हणजे काय हे समजावताना मी दरवेळी हाच हापसा घेतो. एक तर तो सगळ्यांनी हापसलेला असतो. दुसरं म्हणजे त्याचं मूळ आपल्याच मुलखातलं आहे. पूर्वीचे बिडाचे पंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले होते, अख्ख्या गावाच्या वापरात ते टिकेनात. मग आधी जालन्यात आणि त्यानंतर सोलापुरात पोलादी हापसे घडवले गेले. सोलापूरच्या हापशात बेअरिंगवर फिरणारा दांडा आणि साखळी आली. दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखा भाग असतो. साखळी त्याच्यावरून सुटते, म्हणून खालचा गज वाकडा न ओढला जाता सरळ वर येतो. त्याच हापशावरून 1970च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क दोन' तयार झाला. त्याचं भारतीय मानक आधी आयएस 9301 होतं, 2004 पासून ते आयएस 15500 आहे.

आता हा हापसा संगणकात उभा करायचा आहे. पाणी ज्यातून वर येतं ते कॉलम पाइप तीन मीटरचे, आतले गजही तीन मीटरचे. म्हणजे 24 मीटरला आठ पाइप आणि 45 मीटरला पंधरा. मधल्या सगळ्या खोली धरल्या तर एकाच हापशाची आठ रूपं होतात.

शिकाऊ मुलगा हमखास काय करतो? 24 मीटरची असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेलं मॉडेल, बनवतो, फाइलची कॉपी करतो, पाइप वाढवतो, '27 मीटर' असं नाव देतो. संध्याकाळपर्यंत आठ फाइली तयार होतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. महिन्याने टाकीच्या फ्लँजचा, म्हणजे बोल्टांनी जोडायच्या कडेचा, एक बोल्ट बदलायचा ठरतो. तेव्हा आठही फाइली उघडाव्या लागतात. घाईत एखादी राहतेच, आणि नेमकी तिचीच प्रिंट वर्कशॉपला जाते. हे मी स्वतः केलेलं आहे. चुकीच्या प्रिंटवर ड्रिल झालेल्या फ्लँजा समोर पडलेल्या पाहिल्यापासून मी फाइलची कॉपी करायला धजत नाही.

कॉन्फिगरेशनची कल्पना याच्या उलट आहे. असेंब्लीची फाइल एकच ठेवायची. हेड, टाकी, दांडा, सिलिंडर हे सगळं तिच्यात एकदाच. रूपारूपांत जे बदलतं तेवढंच एका तक्त्यात लिहायचं. तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे एक रूप, प्रत्येक रकाना म्हणजे बदलणारी एक गोष्ट: खोली किती, पाइप किती, स्टँड कोणता. ओळ निवडली की तेच मॉडेल त्या रूपात उभं राहतं. फ्लँजचा बोल्ट तक्त्यात नसतोच, त्यामुळे तो एकदा बदलला की आठही रूपांत बदलतो. प्रो-इंजिनिअर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये या तक्त्याला फॅमिली टेबल म्हणत. सॉलिडवर्क्समध्ये तो एक्सेलमधूनही भरता येतो. इन्व्हेंटरमध्ये 2022च्या आवृत्तीपासून याच कामासाठी मॉडेल स्टेट्स आल्या. फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये हेच काम स्प्रेडशीटवर करता येतं.

यात पहिली ठेच लागते ती 'लपवणे' आणि 'सप्रेस करणे' यांतल्या फरकाला. पंधरा पाइप जोडून ठेवले आणि 24 मीटरसाठी खालचे सात लपवले, तर पडद्यावर हापसा अगदी बरोबर दिसतो. पण लपवलेला भाग फक्त नजरेआड झालेला असतो. वजनात तो मोजला जातो, सुट्या भागांच्या यादीतही येतो. 32 मिलिमीटरच्या तीन मीटर कॉलम पाइपचं वजन नऊ किलोच्या वर असतं. म्हणजे सुमारे 65 किलो लोखंड, जे त्या बोअरमध्ये जाणारच नाही, ते यादीत राहतं आणि विकतही आणलं जातं. सप्रेस केलेला भाग मात्र त्या रूपापुरता असेंब्लीत नसतोच. ना वजनात, ना यादीत.

दुसरी ठेच जास्त जोराची. एखादं माप बदलताना सॉफ्टवेअर विचारतं: हा बदल याच रूपासाठी, की सगळ्या? मुलं न वाचता ओके दाबतात. 45 मीटरसाठी केलेला बदल मुकाट्याने 24 मीटरच्या ड्रॉइंगमध्येही जाऊन बसतो. या एका प्रश्नापाशी मी प्रत्येकाला थांबून वाचायला लावतो.

तिसरी अडचण जोडांची, म्हणजे मेट्सची. सिलिंडर पंधराव्या पाइपच्या टोकाला जोडला आणि मग 24 मीटरचं रूप निवडलं, तर पंधरावा पाइपच नाहीसा होतो. सिलिंडर अधांतरी राहतो आणि पडदा लाल खुणांनी भरतो. म्हणून जोड नेहमी अशा गोष्टीला द्यावा जी प्रत्येक रूपात हजर असेल. मी जमिनीची पातळी हे एक प्रतल धरतो, त्याच्याखाली 'खोली' एवढ्या अंतरावर दुसरं प्रतल आखतो आणि सिलिंडर त्याला जोडतो. पाइप एकच घेऊन त्याची रांग करतो. रांगेतला आकडा सूत्राने येतो: खोली भागिले तीन. मग तक्त्यात खोली तेवढी लिहायची. पाइप, गज, सॉकेट आपापले मोजले जातात.

तक्ता नीट भरला की मॉडेल कामाची उत्तरं देऊ लागतं. सिलिंडरचा आतला व्यास 63.5 मिलिमीटर. पाणी सिलिंडरइतकंच खाली गेलं आहे असं धरलं, तर 24 मीटरला पिस्टनवर साधारण 76 किलो पाण्याचा भार येतो आणि 12 मिलिमीटरच्या गजांचे 21 किलो. 45 मीटरला हेच आकडे 142 आणि 40. दांड्याची तरफ आठास एक. म्हणजे हापसणाऱ्याच्या हातावर एका ठिकाणी सुमारे 12 किलो येतात, दुसऱ्या ठिकाणी 23. दांड्याचं स्वतःचं वजन यातलं काही कमी करतं, पण माळावरच्या वस्तीतल्या बाईचे हात का भरून येतात ते या दोन ओळींतच दिसतं. याच तक्त्यात 90 मीटरची ओळ घातली तर आकडा 45 किलोच्या पुढे जातो. साधा दांडा तिथे चालत नाही, म्हणून अतिखोल बोअरच्या हापशाच्या दांड्याला प्रतिभार लावलेले असतात.

ती ओळ मी या तक्त्यात घालत नाही. सॉफ्टवेअर अडवत नाही म्हणून सगळंच एका फाइलीत कोंबायची सवय लागते, ती मला पटत नाही. 'इंडिया मार्क तीन' या पुढच्या हापशाचंही तसंच. त्यात कॉलम पाइप 65 मिलिमीटरचा असतो, म्हणून पाइप न उपसता पिस्टन वरूनच बाहेर काढता येतो आणि वायसर बदलायला माणसंही कमी लागतात. पण पाइप जड झाल्यामुळे त्याची खोली 30 मीटरच्या आसपास थांबते. एकाच तक्त्यात दोन्ही पाइप ठेवले तर '65चा पाइप, 45 मीटर' अशी ओळही कुणीतरी बिनदिक्कत भरील. त्यापेक्षा मी मार्क तीनची असेंब्ली वेगळी ठेवतो. जे भाग दोन्हींत खरोखर सारखे आहेत, त्यांच्या मूळ फाइली तेवढ्या एकच. त्यातली साखळी एका ठिकाणी बदलली की ती दोन्ही हापशांत बदललेली असते.