राणा, सरदारसिंह आणि मुंबईत उतरलेली पिस्तुले

राणा, सरदारसिंह रावाजी : (१८७०–१९५७). पॅरिसमधील मोत्यांचे व्यापारी, भारतीय सशस्त्र क्रांतिकारकांचे पाठीराखे. मूळ काठेवाडातील लिंबडी संस्थानचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. पण जम बसला पॅरिसमध्ये, जवाहिऱ्याच्या धंद्यात.

त्या काळी इराणच्या आखातातला मोती, म्हणजे आपल्याकडचा बसराई, मुंबईच्या बाजारात येई आणि इथल्या पेढ्यांमार्फत पॅरिसच्या जवाहिऱ्यांकडे जाई. त्यामुळे पॅरिसमध्ये मोत्यांचा गुजराती व्यापारी दिसणे नवलाचे नव्हते. राणांचे वेगळेपण पैसा कुठे गेला यात आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांच्याबरोबर १९०५ मध्ये ते लंडनमध्ये हिंदुस्थानच्या स्वराज्यासाठी निघालेल्या इंडियन होमरूल सोसायटीच्या स्थापनेत होते. हिंदी विद्यार्थ्यांना परदेशी शिकता यावे म्हणून त्यांनी दोन दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांतली एक शिवाजी महाराजांच्या नावाची होती. टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला पोहोचले ते ‘शिवाजी शिष्यवृत्ती’वरच. स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत १९०७ साली क्रांतिकारक मादाम कामांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा ध्वज फडकवला, तेव्हा राणा सोबत होते. नाव मात्र कामांचे झाले. पैसा पुरवणाऱ्याच्या वाट्याला बहुधा तळटीपच येते.

फेब्रुवारी १९०९ च्या सुमारास सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राऊनिंग पिस्तुले व काडतुसे मिळवली. ती पाठवायची कशी? लंडनच्या इंडिया हाऊस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मायदेशी निघाला होता. त्याच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ बसवून, वर कपडालत्ता आणि खाली पिस्तुले अशी ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत उतरली. विनायकरावांचे वडीलबंधू बाबाराव सावरकर यांना त्याआधी आठवडाभरच अटक झाली होती. माल आला, पण त्याची वाट पाहणारा माणूस कोठडीत. झडतीत त्यांच्या घरी बॉम्ब बनवण्याच्या कृतीची टंकलिखित प्रतही सापडली. ही विद्या सेनापती बापट आणि हेमचंद्र दास पॅरिसमध्येच शिकले होते.

त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनचा वध केला. जॅक्सनची बदली झाली होती आणि निरोपादाखल ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयातील विशेष न्यायासनापुढे नाशिक कटाचा खटला चालला. अडतीस आरोपींपैकी सत्तावीस दोषी ठरले. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला, आणि पेटीच्या तळाचा तपशील कागदोपत्री राहिला तो त्यामुळेच.

राणा फ्रान्समध्ये असल्याने इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. पहिल्या महायुद्धात मात्र इंग्लंडचा दोस्त झालेल्या फ्रान्सनेच त्यांना कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर धाडले. बरोबर जर्मन पत्नी आणि आजारी मुलगा होता; मुलगा परत आला नाही. १९२० मध्ये ते पॅरिसला परतले. त्यांचे निधन २५ मे १९५७ रोजी वेरावळ येथे झाले. सौराष्ट्र विलीन होऊन तेव्हा सहाच महिने लोटले होते आणि वेरावळ द्वैभाषिक मुंबई राज्यात मोडत होते.