ईश्वर चांगला, मग अनिष्ट कुठून? एका जुन्या कोंडीची पार्श्वभूमी

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णपणे चांगला आहे आणि जगात अनिष्ट आहे. ही तीन विधाने एकाच वेळी मान्य केली की अडचण उभी राहते: चांगल्या आणि समर्थ ईश्वराने अनिष्ट होऊच कसे दिले? ही कोंडी एपिक्युरस (इ.स.पू. 341–270) या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगितली जाते, पण त्याच्या शिल्लक लेखनात ती सापडत नाही. लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने चौथ्या शतकाच्या आरंभी ती खोडून काढण्यासाठी उद्धृत केली, म्हणून ती टिकली. पुढे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या धर्मविषयक संवादांनी ती सर्वतोमुखी केली. ते संवाद त्याच्या मृत्यूनंतर, 1779 मध्ये छापले गेले.

कोणतेही उत्तर वाचताना ते या तिन्हींपैकी कोणते विधान सैल करते, हे आधी पाहावे. मानीपंथीयांनी, म्हणजे मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या अनुयायांनी, प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानली, म्हणजे सर्वशक्तिमत्ता सोडली. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन (354–430) सुमारे नऊ वर्षे या पंथात होता. तेथून बाहेर पडल्यावर त्याने तिसऱ्या विधानाला हात घातला. आंधळेपणा म्हणजे जसा दृष्टीचा अभाव, तसे अनिष्ट म्हणजे चांगुलपणाचा अभाव. जी वस्तूच नाही, ती ईश्वराने निर्माण केली असे कसे म्हणणार? माणसाच्या दुष्कृत्यांचे मूळ त्याने स्वतंत्र इच्छेच्या गैरवापरात शोधले. इथे दोन कच्चे दुवे राहतात. असह्य वेदना भोगणाऱ्याला ती कशाचा तरी अभाव म्हणून जाणवत नाही. आणि माणसाच्या इच्छेने भूकंपाचा उलगडा होत नाही. तिथे ऑगस्टीनला आदिपापाच्या, म्हणजे पहिल्या मानवांच्या पापाचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात या, सिद्धांताकडेच वळावे लागते.

वेदान्ताने हाच प्रश्न 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य' या दोन आरोपांत बसवला: ईश्वर पक्षपाती आहे का, निर्दय आहे का? ब्रह्मसूत्राचे (2.1.34) उत्तर 'सापेक्षत्वात्' या एका शब्दात आहे. ईश्वर जीवांच्या कर्मानुसार सृष्टी घडवतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात: पाऊस सर्व पिकांना सारखाच, पण साळ उगवेल की जव हे बी ठरवते. मग पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कुठले? पुढचेच सूत्र सांगते की संसार अनादी आहे, पहिली सृष्टी अशी नव्हतीच. माझ्या मते ही मांडणी फार नेटकी आहे. भूकंप आणि आजार यांनाही ती कवेत घेते. पण किंमत मोठी आहे: दुःखी माणसाकडे त्याच्याच कर्माचे फळ म्हणून पाहण्याची वाट ती उघडते. शिवाय कर्माला बांधलेला ईश्वर पूर्ण स्वतंत्र कसा, हा प्रश्न उरतोच.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने 1710 मध्ये अनिष्ट असूनही ईश्वराचे समर्थन करणाऱ्या या विचाराला 'थिओडिसी' हे नाव दिले आणि शक्य त्या जगांपैकी हेच सर्वोत्तम, असा युक्तिवाद केला. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने आधी कवितेतून आणि 1759 मध्ये 'कांदीद' या कथेतून त्या आशावादावर हल्ला चढवला.

विसाव्या शतकात दावाच बदलला. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी 1955 मध्ये तीन विधानांत तार्किक विसंगती आहे असे ठासून मांडले. अमेरिकन तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा यांनी 1974 मध्ये उत्तर दिले: स्वतंत्र इच्छा असलेले जीव कधीच चुकणार नाहीत असे जग निर्माण करणे ईश्वराच्याही हाती नसणे शक्य आहे. हा बचाव आहे, स्पष्टीकरण नव्हे. ईश्वराचे कारण हेच आहे असे तो सांगत नाही, फक्त विसंगती सिद्ध होत नाही असे दाखवतो. हा फरक विसरल्याने कित्येक वाद भरकटतात.

त्यानंतर तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी 1979 मध्ये वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडणाऱ्या हरणाच्या पाडसाचे उदाहरण घेतले. त्या यातनेतून कोणतेही मोठे भले साधलेले दिसत नाही. म्हणून त्यांच्या मते ईश्वर नसणे अधिक संभवनीय ठरते. स्टीफन वायक्स्ट्रा यांनी 1984 मध्ये प्रत्युत्तर दिले: ईश्वराची कारणे असली तरी ती आपल्याला दिसतील अशी अपेक्षा मुळात का धरावी? मात्र इथे ईश्वर चांगला आहे हे दुसरे विधान धोक्यात येते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्ट्यूअर्ट मिलने 1865 मध्येच बजावले होते की माणसाला लावताना जो अर्थ असतो तो नसेल, तर ईश्वराला 'चांगला' म्हणू नये. शिवाय दुःखामागची कारणे आपल्या आवाक्याबाहेरची असतील, तर जगातले सौंदर्य आणि सुख पाहून ईश्वराच्या चांगुलपणाबद्दल काढलेले अनुमानही त्याच न्यायाने डळमळते.