शून्य क्रमांकाचा सेक्टर

नवी हार्ड डिस्क जोडून संगणक चालू केला, तरी ड्राइव्हच्या यादीत तिचा पत्ताच नसतो. डिस्क खराब निघाली, असं वाटून लगेच ती परत करायला निघू नये. ती धडधाकट असते; तिच्यावर अजून काही लिहिलेलं नसतं, इतकंच.

डिस्कला फाइल, फोल्डर किंवा 'सी ड्राइव्ह' यांतलं काहीही कळत नाही. तिला ठाऊक असतात फक्त सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे सारख्या मापाचे छोटे कप्पे, आणि त्यांचे शून्यापासूनचे क्रमांक. सेक्टर ५१२ बाइटांचा धरला, तर एक टेराबाइटच्या डिस्कवर असे सुमारे १९५ कोटी सेक्टर असतात. कुठून कुठपर्यंत डिस्कचा कोणता भाग, म्हणजे पार्टिशन, हे त्यांच्यापैकीच काही सेक्टरांमध्ये लिहून ठेवावं लागतं.

ही नोंद कशी ठेवायची, याची एक पद्धत १९८३ साली आयबीएमच्या पीसीसाठीच्या डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आली: एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड. सगळा कारभार शून्य क्रमांकाच्या एकाच सेक्टरमध्ये. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू होताना चालणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि उरलेले २ बाइट खुणेला. तक्त्यातली एक नोंद १६ बाइटांची, म्हणून नोंदी चारच. जुन्या संगणकांवर चारच प्रायमरी पार्टिशन करता यायची, ती या हिशेबामुळे. त्याहून मोठी अडचण क्रमांकांची होती. सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट मिळत. त्यात सुमारे ४२९ कोटी क्रमांक मावतात. त्याला ५१२ ने गुणलं की होतात २.२ टेराबाइट. अशी चार टेराबाइटची डिस्क एमबीआर पद्धतीने तयार केली, तर जवळजवळ निम्मी डिस्क वापरताच येत नाही.

म्हणून आता जीपीटी, म्हणजे जीयूआयडी पार्टिशन टेबल, ही नवी पद्धत निवडावी. हिच्यात क्रमांकाला ६४ बिट असतात, साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. शिवाय तक्ता बिघडला आहे का, हे ओळखण्यासाठी एक पडताळणी-अंकही असतो. गंमत म्हणजे जीपीटीच्या डिस्कवरही शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये एक नावापुरता एमबीआर लिहितात. त्यातली एकच नोंद सांगते, की सगळी डिस्क वापरात आहे. जीपीटी न कळणाऱ्या एखाद्या जुन्या प्रोग्रामने डिस्क कोरी समजून तिच्यावर काही लिहू नये, यासाठी ही खबरदारी. संगणकाच्या जगात जुनी पद्धत सहसा मरत नाही, नव्या पद्धतीच्या पोटात राहते.

पार्टिशन करताना शंभर ते काहीशे मेगाबाइटचा एक छोटा भाग वेगळा निघतो. मदरबोर्डवरच्या यूईएफआय फर्मवेअरला, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) वाचता येईलच असं नाही, पण साधी फॅट वाचता येते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या फाइली या छोट्या भागात फॅट३२ पद्धतीने ठेवतात. जागा वाढवायच्या हौसेने तो पुसला, की संगणक सुरूच होत नाही. बाकी तुकडे किती करायचे, ही आवडीची गोष्ट; माझ्या मते कमीत कमी बरे.

फॉरमॅटचं, म्हणजे पार्टिशनवर फाइल सिस्टिम मांडायचं, काम त्यानंतरचं. 'क्विक' फॉरमॅटमध्ये फाइल सिस्टिमचे नवे तक्तेच लिहिले जातात, म्हणून ते काही सेकंदांत उरकतं, आणि वापरलेल्या डिस्कवरची जुनी माहिती बरीचशी तशीच राहते. विंडोजमधलं पूर्ण फॉरमॅट व्हिस्टापासून प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहितं. फिरत्या चकतीच्या मोठ्या डिस्कला त्यात तासन् तास जातात. पण सदोष सेक्टर असले तर तेव्हाच उघड होतात, म्हणून नव्या डिस्कला एकदा ते करायला हरकत नाही. एसएसडीला, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कला, मात्र नको. तिच्या पेशी ठरावीक वेळाच लिहून घेतात.

सिस्टिम टाकताना जुनी डिस्कही जोडलेली असेल, तर तेवढ्यापुरती ती काढून ठेवा. तिच्यावर आधीच बूटचा, म्हणजे संगणक सुरू करून देणारा तो छोटा भाग असला, तर इन्स्टॉलर कधी कधी नव्या सिस्टिमच्या सुरुवातीच्या फाइली तिथेच नेऊन ठेवतो. पुढे जुनी डिस्क काढली, की नवी एकटी सुरू होत नाही.