लघुक्षेत्र आकलन (बडोदे परिसर)

लघुक्षेत्र आकलन : नमुना पाहणीत ज्या तालुक्याच्या, वॉर्डाच्या किंवा समाजगटाच्या वाट्याला फार थोडी कुटुंबे येतात, त्याच्याविषयी भरवशाचा आकडा काढण्याची सांख्यिकीय पद्धत. पाहणीत मिळालेली थोडी उत्तरे आणि जनगणना, शासकीय नोंदी, उपग्रहचित्रे यांतील साहाय्यक माहिती यांची तीत प्रतिमानाच्या (संबंध मांडणाऱ्या गणिती सूत्राच्या) आधारे सांगड घालतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास ध्येये आणि १६९ लक्ष्ये स्वीकारली, तेव्हापासून या पद्धतीला मागणी वाढली. त्यांपैकी १७.१८ हे लक्ष्य उत्पन्न, लिंग, वय, अपंगत्व, स्थान इत्यादींनुसार विभागलेली आकडेवारी मागते. राज्याची सरासरी तेथे पुरत नाही.

जिल्ह्याचीही पुरत नाही, हे बडोद्यात चटकन दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशभरातील ७०७ जिल्ह्यांत सुमारे ६.३७ लाख कुटुंबांची माहिती घेतली गेली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९००. निवडलेल्या प्रत्येक गावातून वा शहरी गटातून साधारण २२ कुटुंबे घेतात, म्हणजे जिल्ह्यात चाळीसच्या आसपास ठिकाणे झाली. बडोदे शहराचा वाटा वगळला, तर शिनोर किंवा डेसर तालुक्यासाठी मोजकीच गावे उरणार. त्यांवरून तालुक्यातील कुपोषण सांगणे धोक्याचे ठरते.

या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक अकराव्या शतकातील इंग्लंडच्या आणि सतराव्या शतकातील कॅनडाच्या स्थानिक नोंदींपर्यंत मागे जातात. तथापि त्या गणना होत्या. अपुऱ्या नमुन्यावरून अनुमान काढण्याचा प्रश्न तेथे नव्हता. दुसरे मत १९६८ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने राज्यवार अपंगत्वासाठी वापरलेल्या संश्लेषित आकलकांना (अंदाज काढण्याच्या सूत्रांना) मान देते. त्यात मोठ्या प्रदेशातील वयोगटवार दर लहान प्रदेशाच्या लोकसंख्येला जसेच्या तसे लावले जात. मात्र त्या प्रदेशाचे वेगळेपण त्यात पुसले जाते. म्हणून आजच्या अर्थाने पद्धतीचा पाया फे व हेरियट यांच्या १९७९ च्या निबंधात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांनी अमेरिकेतील लहान वस्त्यांचे दरडोई उत्पन्न काढताना स्टाइन (१९५६) व जेम्स–स्टाइन (१९६१) यांचा निष्कर्ष वापरला : तीन किंवा अधिक सरासऱ्या एकत्र आकळायच्या असतील, तर प्रत्येकीला सामाईक मूल्याकडे थोडे ओढल्याने एकूण त्रुटी घटते. बॅटीज, हार्टर व फुलर यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या काउंट्यांचे (जिल्ह्यांचे) मका-सोयाबीनचे क्षेत्र उपग्रहचित्रांच्या आधारे काढून हेच तत्त्व शेतजमिनीच्या नमुना-तुकड्यांच्या पातळीवर नेले. भारतात जन्मलेले जे. एन. के. राव यांचा या विषयावरील ग्रंथ (२००३) आजही प्रमाण मानला जातो.

फे–हेरियट प्रतिमानात प्रत्यक्ष आकलक (केवळ पाहणीतील उत्तरांवरून आलेला आकडा) आणि समाश्रयणाने (साहाय्यक माहितीशी असलेल्या संबंधावरून) आलेला आकलक यांची भारित सरासरी घेतात. प्रत्यक्ष आकलकाचा भार म्हणजे प्रतिमानाचे प्रचरण (विखुरलेपणाचे माप; प्रमाण विचलनाचा वा प्रमाण त्रुटीचा वर्ग) भागिले प्रतिमान व नमुना या दोन्ही प्रचरणांची बेरीज. उदाहरणापुरते समजा, एका तालुक्यातील ४० कुटुंबांपैकी ३० टक्क्यांकडे नळाचे पाणी आहे. साध्या यादृच्छिक नमुन्यात प्रमाण त्रुटी सुमारे ७.२ टक्केबिंदू येते. म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे दुप्पट त्रुटी धरली, तर खरा आकडा १६ ते ४४ मध्ये कोठेही असू शकतो. जनगणनेतील घरांची माहिती वापरून समाश्रयण ४२ टक्के सांगते आणि प्रतिमानाचे प्रमाण विचलन ५ बिंदू आहे, असे धरले तर प्रत्यक्ष आकलकाचा भार ०.३२ होतो. मिश्र आकडा ३८ टक्के, आणि त्रुटी सुमारे ४.१. नमुना गावागावांच्या गटांतून घेतलेला असल्यास मूळ त्रुटी याहून मोठी असते. शेवटी तालुक्यांचे आकडे जिल्ह्याच्या प्रकाशित आकड्याशी जुळवून घेतात.

दारिद्र्याच्या नकाशांसाठी एल्बर्स, लांजाव व लांजाव यांची २००३ ची पद्धत जागतिक बँकेने बराच काळ वापरली. पाहणीत बसवलेले खर्चाचे प्रतिमान तीत जनगणनेतील प्रत्येक कुटुंबाला लावतात. तरोझी व डीटन यांनी २००९ मध्ये दाखवले, की स्थानिक वेगळेपण प्रतिमानात न आल्यास त्रुटी प्रत्यक्षाहून फार लहान दिसते. हा आक्षेप ग्राह्य धरावा. निधिवाटपासाठी आकडा देताना त्याची त्रुटी शेजारी छापणे ही किमान अट आहे.

बडोद्यात खरी अडचण सीमांची आहे. १५ ऑगस्ट २०१३ रोजी छोटा उदेपूर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीतील (२०१५–१६) 'वडोदरा' २०११ च्या सीमांनुसार १२ तालुक्यांचा असून त्यात कवांट, नसवाडी हे आदिवासीबहुल तालुकेही येतात. पाचव्या फेरीतील वडोदरा त्यांच्याविना आहे. दोन फेऱ्यांतील फरक विकास म्हणून वाचणे त्या तालुक्यांतील माणसांवर अन्याय करणारे आहे, कारण तेथील अभाव केवळ शेजारच्या जिल्ह्याच्या खात्यावर गेलेला असतो. पूर्वीच्या १२ तालुक्यांच्या जागी या विभाजनानंतर दोन जिल्ह्यांत मिळून १४ झाले. डेसर व बोडेली यांच्या नावाची ओळच २०११ च्या तक्त्यांत नाही. त्यांच्यासाठी गाववार संकेतांकांवरून बेरजा नव्याने कराव्या लागतात.

संस्थानी काळातील खानेसुमारीचे अहवाल प्रांत व महालवार तक्ते देत. १८९१ मध्ये २४ लाखांवर असलेली बडोदे संस्थानाची लोकसंख्या छप्पनियाच्या (विक्रम संवत १९५६ मधील) दुष्काळानंतर १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली, हे त्यांतूनच कळते. तेथे आकलनाची गरज नव्हती, कारण घर न् घर मोजलेले होते. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात सांख्यिकी विभाग व लोकसंख्या संशोधन केंद्र दोन्ही आहेत. २०२१ ची जनगणना लांबल्याने साहाय्यक माहिती मात्र २०११ चीच वापरावी लागते. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे.